वारांची डबी

डबीला सात खण. बुधवारचा मी मंगळवारीच रिकामा केला होता,
हे कळलं रात्री पावणेदोनला,
आईचा उजवा हात पलंगाच्या कठड्याशी
फळीसारखा अडकला तेव्हा.
"राहू दे," ती म्हणाली, "सकाळी बघू."
सकाळ तिच्यापासून किती लांब असते मला माहीत आहे:
एका कुशीवर साडेपाच तास.

हायवेलगतच्या दुकानावर 'चोवीस तास' लिहिलंय,
त्यातला 'चो' विझलेला.
वीस तास. उरलेल्या चारांत मी उभा.
शटर गुडघ्यापर्यंत वर, आत जाळी,
जाळीत वहीच्या पानाएवढा चौकोन.
एका रिक्षावाल्याने तिथेच दातांनी पुडी फोडली,
जळजळीवरची पावडर घशात ओतली, ढेकर येईपर्यंत थांबला, गेला.
माझ्याआधी आलेली एक मुलगी मात्र
झाकलेल्या ज्यूसच्या गाडीला टेकून, फोनमध्ये बघत.
"तुम्ही घ्या आधी."
"नाही, तू घे," म्हणालो
आणि भिंतीवरची चूर्णाची जाहिरात इतकी मन लावून वाचली
की अजून पाठ आहे. तिने काय मागितलं ते ऐकलं नाही.

आतल्या पोराने माझ्या फोनवरची चिठ्ठी
दोन बोटांनी ताणली.
डॉक्टरांचं अक्षर मोठं झालं, सुवाच्य नाही.
"ही गोळी इथे खपत नाही हो. उद्या अकराला मागवतो."
मी हललो नाही, तेव्हा कानामागचं पेन काढत:
"छेडांकडे बघा. कन्नमवार नगरात, एकशे सत्तेचाळीसच्या खाली.
ते ठेवायचे."

छेडांचं शटर बंद, जमिनीला कुलूप.
त्यावर रंगाने 'तातडीसाठी' आणि एक नंबर,
शेवटचा आकडा कुणाच्या तरी खांद्याने पुसलेला.
तीन असेल म्हणून तीन लावला.
एक बाई, झोपेतून, एका श्वासात: "कोण गेलं?"
कुणी नाही हो, कुणी नाही, चुकून लागला.
ती लगेच फोन ठेवेना. तिची खात्री होईपर्यंत
मीही धरून राहिलो.
मग आठ लावला.

तिसऱ्या मजल्यावर दिवा.
गंजीफ्रॉकातला माणूस ग्रीलमधून वाकून:
"केटलाची? एकशे दहाची ना?
दुकानात नाय. थांबा हां. घरात बघतो."
बराच वेळ एक कपाट
उघडत होतं, बंद होत होतं, पुन्हा उघडत होतं.

दूध घ्यायची पिशवी दोरीला बांधून खाली आली,
दुसऱ्या मजल्याच्या तुळशीला घासत, फिरत फिरत.
आत अर्धी पट्टी, आठ गोळ्या.
टॉर्चमध्ये तारीख बघितली: पुढच्या मार्चपर्यंत चांगल्या.
मागे बॉलपेनने तीन खुणा, सकाळ, दुपार, रात्र.
पाचशेची नोट ठेवून दोरी हलवली.
पिशवी वर गेली, तशीच खाली आली,
नोट तिच्यात, घडीसुद्धा न मोडलेली.
"ए दुकानातलं नाय," वरून आवाज.
"बाच्या हतं. दिवाळीला गेली."
काय बोलावं सुचेना. मी खालून
हात वर केला, टॅक्सी थांबवतात तसा.
दिवा मात्र विझला नाही.

आईने गोळी चमच्यातल्या पाण्याबरोबर घेतली.
"उघडं होतं का रे दुकान?"
"हो," म्हणालो.
तिने डोळे मिटले. चाळीस मिनिटं लागतात.
पस्तिसाव्या मिनिटाला अंगठा हलला,
मग मनगट, मग चादरीची एक चुणी तिने स्वतः सरळ केली
आणि भिंतीकडे वळली.

मी स्वयंपाकघरात डबी घेऊन बसलो.
सात उरल्या. गुरुवारच्या तीन, शुक्रवारच्या तीन, शनिवारची एक.
झाकण लावताना दोनदा मोजल्या:
दुसऱ्या कुणाच्या आईचा
न आलेला शुक्रवार
माझ्या आईच्या खणात.